पूजेतला पाना आणि सायकलचा चिमटा

म्हशीला काही झालं नाही. सायकलचा चिमटा मात्र वाकला. पुढचं चाक ज्या दोन लोखंडी पायांमध्ये बसतं, तो चिमटा. तो इतका मागे गेला की चाक माझ्या चपलेला घासू लागलं. म्हैस थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मग पालघरच्या दिशेने निघून गेली. मी सायकल खांद्यावर घेऊन घरी आलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव पालघर आणि बोईसरच्या मधलं. घराण्यातला मी पहिला पदवीधर, रसायनशास्त्राचा बी.एस्सी. माझी फी भरता यावी म्हणून ताईने पाचवीतून शाळा सोडली होती आणि वडिलांनी वाडीत दुसऱ्यांच्या झाडांवर चढून नारळ उतरवले होते. पुढे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात मला केमिस्टची नोकरी लागली. सहा महिने प्रोबेशन होतं. पहिल्या पाळीला सातच्या ठोक्याला फाटक बंद व्हायचं. माझे दोन लेट मार्क झाले होते. तिसरा झाला तर कन्फर्मेशन विसरा, असं मॅनेजरसाहेबांनी शांतपणे सांगितलं होतं. आमच्या कारखान्याची भट्टी बंद ठेवता येत नसे, त्यामुळे दसऱ्यालाही माझी पहिली पाळी होती. आणि म्हैस आडवी आली ती दसऱ्याच्या दोन दिवस आधी.

गावातल्या सायकलवाल्याकडे दसऱ्यापूर्वीची गर्दी होती. त्याने नवा चिमटा काढून दिला, पण सायकल घेतली नाही.

"मास्तर, पंधरा सायकली पुढं हायत. उद्या खंडेनवमी, हत्यारं पूजेला बसतील. तुमीच बसवा."

मी मास्तर नव्हतो, पण शिकलेल्या सगळ्यांना तो मास्तरच म्हणे.

"मी कधी बसवला नाही."

"तुमी शास्त्र शिकले ना? ह्यात शास्त्रच हाय. हे दोन पाने न्या, मोठा आनि लहान. माज्याकडं पूजेला दुसरे हायत."

त्याचा माझ्या पदवीवर जो विश्वास होता, तसा विद्यापीठाचाही नसावा. मला नाही म्हणवेना.

नवमीच्या सकाळी मी अंगणात सायकल सोडवायला बसलो. माहेरपणाला आलेली ताई मदतीला होती. हँडल निघालं, चाक निघालं, वरचा मोठा नट निघाला आणि जुना चिमटा खाली घसरला. त्याबरोबर आतले बेअरिंगचे छर्रे धान्यासारखे अंगणभर पांगले. ते आम्ही गोळा केले. ताईने ते चहाच्या गाळणीत घालून रॉकेलने धुतले. आईने ती गाळणी पाहिली आणि परसात टाकून दिली. त्या दिवशीचा चहा आम्ही न गाळता प्यालो.

छर्रे बसतात त्या लोखंडी वाट्यांमध्ये ग्रीस भरून ते बसवले, नवा चिमटा आत सरकवला आणि वरचा नट हाताने फिरवून लावला. आता मोठ्या पान्याने तो नट आवळायचा, की अवघड काम संपलं. मी विहिरीवर हात धुऊन आलो तर मोठा पाना नव्हता.

पाना घरात पाटावर होता. कोयता, विळा, कात्री, माझी पदवीची गुंडाळी आणि त्यांच्या शेजारी पाना. सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं, झेंडू वाहिला होता. आई निरांजन ओवाळत होती.

"आई, तो पाना लागतोय मला."

"आता उद्या. बाबांची आंघोळ झाली की उत्तरपूजा. तवर हात लावायचा नाय."

"उद्या मला पावणेसहाला निघायचंय. बाबा आंघोळ करतात आठला."

"मग देवाला सांग."

लहान पाना माझ्या खिशात राहिला होता, म्हणून तो वाचला. त्याला वगळल्याचं आईला वाईट वाटलं. मोठ्या नटाला मात्र त्याचा उपयोग नव्हता. गावात दुसरा पाना मागायची सोय नव्हती, कारण गावातलं प्रत्येक हत्यार त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या पाटावर बसलेलं होतं. पहिली एस.टी. सातनंतरची. पहाटे लवकर उठून चालत गेलो असतो तर वेळेत पोचलो असतो, हे मला आज सुचतं. तेव्हा घरात कुणालाच सुचलं नाही. आमचं सगळं घर आयुष्यभर चालत आलेलं, पण सायकल असलेल्या मुलाने चालत कामाला जावं हा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही.

दुपारी वडील वाडीतून आले. सगळं ऐकून पाटासमोर उकिडवे बसले. वाकून पाना कसा ठेवलाय ते पाहिलं.

"पान्याला हात लावायचा नाय, बरोबर?"

"बरोबर," आई म्हणाली.

"सायकल लावली तर?"

आईने विचार केला. "सायकल काय हात नाय."

मग आम्ही सायकल घरात आणली. पाना पाटावर आडवा होता आणि त्याचं शेपूट शेजारच्या जात्याला टेकलं होतं, त्यामुळे जोर दिला तरी तो सरकणार नव्हता. हँडल काढलेलंच होतं. सायकल उलटी करून आम्ही तिचा नट अलगद पान्याच्या जबड्यात उतरवला. पाना फिरत नसेल तर सायकल फिरवायची. मी वडिलांना सापेक्ष गती समजावून सांगितली. ते आदराने ऐकत होते.

मी सायकल पुढून धरली, वडिलांनी मागून, आणि आम्ही पाटाभोवती फेऱ्या घालू लागलो. घर लहान. एका बाजूला आईला चुलीच्या ओट्यावर चढून बसावं लागलं, दुसऱ्या बाजूला वडील प्रत्येक फेरीला दारातून बाहेर जाऊन आत यायचे. शेजारीण प्रसाद घेऊन आली होती. तिला वाटलं ही शिकलेल्यांची पूजा असावी. ती हात जोडून उभी राहिली.

अकरा फेऱ्या झाल्या. नट जिथल्या तिथे.

ताई भिंतीला टेकून बघत होती. "भाऊ, नटाचे आटे कुणावर हायत? सायकलीवर का चिमट्यावर?"

"चिमट्यावर."

"मग सायकल कशाला फिरवतोस? ती नुसती छर्‍यांवर फिरते. चिमटा फिरव की."

मी भौतिकशास्त्रात पासष्ट गुण मिळवले होते. ते गुण कुणाच्या वाट्याचे होते हे मला त्या क्षणी फार स्पष्ट दिसलं.

वडिलांनी चिमट्याच्या दोन पायांत मुसळ अडकवलं आणि फिरवलं. नट आवळू लागला. पुन्हा ढिला होऊ नये म्हणून त्यांनी आणखी जोर दिला, आणि मुलाच्या नोकरीचा प्रश्न म्हणून अजून थोडा. चाक आणि हँडल मी लहान पान्याने बसवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो तेव्हा कळलं, की जोर जास्त झाला होता. हँडल वळायचं, पण त्यावर सगळं वजन टाकल्यावर, आणि एकदा वळलं की सरळ व्हायला तयार नसायचं. सरळ रस्त्यावर मी नागमोडी जात होतो. वळण आलं की उतरायचो, सायकलचं तोंड हव्या दिशेला ओढायचो आणि पुन्हा बसायचो. बैलगाडीवाल्याने मला दोनदा ओलांडलं.

कारखान्याचं फाटक दिसलं तेव्हा सातला दोन मिनिटं होती. फाटक डाव्या हाताला. मी डावीकडे वजन टाकलं. हँडल हललं नाही. पहारेकऱ्याच्या डोळ्यांसमोरून मी सरळ पुढे गेलो.

"साहब, कंपनी इधर है," तो मागून म्हणाला.

"मालूम है," मी म्हणालो.

पुढच्या बाभळीत शिरून सायकल थांबली. मी धावत परत आलो, तोवर फाटक बंद झालं होतं. पहारेकरी वही उघडून विचारात पडला होता. शेवटी त्याने मला आत घेतलं आणि दोन्ही वेळा लिहिल्या: साहेब गेटसमोरून गेले, सहा अठ्ठावन्न. साहेब आत आले, सात वाजून चार.

दहाला मॅनेजरसाहेबांनी बोलावलं.

"सहा अठ्ठावन्नला तुम्ही कुठे चालला होतात?"

"इथेच येत होतो, साहेब."

मी सगळं सांगितलं. म्हैस, खंडेनवमी, जातं, मुसळ. खोटं बोलायचं सुचलंच नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"फेऱ्या किती घातल्या म्हणालात?"

"अकरा."

"आणि चूक बहिणीने काढली."

"हो."

"शिक्षण किती तिचं?"

"पाचवी. माझ्यासाठी सोडली."

त्यांनी पहारेकऱ्याची वही पुढे ओढली. मग दुसऱ्या नोंदीवर रेघ मारून सही केली.

महिनाअखेरीस कन्फर्मेशनचं पत्र आलं. इंग्रजीत होतं. वडिलांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "उशीर कुठं लिवलाय का?"

"नाही."

"मग ताईला पन वाचून दाव," ते म्हणाले. मी ताईच्या सासरी निघालो. चालत.