अक्काच्या नावाचं झुडूप

जगातल्या कुठल्याही माणसाला दोन मिनिटं एका जागी बसवता येईल, आमच्या थोरल्या दाजींना नाही. जन्मभर हायस्कूलला विज्ञान शिकवलं, तेही वर्गात येरझाऱ्या घालत. निवृत्त झाले आणि येरझाऱ्यांना अख्खा जिल्हा मोकळा झाला. गगनबावड्याच्या एसटीत त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे शिक्षाच. घाटात मध्येच "थांबवा, थांबवा!" म्हणून ओरडतात. पावण्यांना उलटी होणार म्हणून कंडक्टर घाईनं घंटी मारतो आणि हे खाली उतरून कुठल्याशा झुडपाचं पान उलटं करून बघत बसतात. माझ्या लग्नात मी मुंडावळ्या बांधून उभी, आणि दाजी नवऱ्याच्या हारातली शेवंती उसवतायत. "ही पाकळी न्हवं गं! ह्यातलं एकेक म्हंजे एकेक फूल हाय. अख्खं गाव नांदतंय हितं!" भटजी मंगलाष्टकं विसरले. आमच्या घराण्यात पहिली पदवी मी आणली, तीही वनस्पतीशास्त्राची, आणि ते मी चारचौघांत सांगते. दाजींच्या तावडीत सापडते तीही त्याच पदवीपायी.

दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांना गगनबावड्याच्या पुढच्या एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, शेवंतीच्याच कुळातलं एक झुडूप दिसलं. खालच्या घाटात तेच झुडूप पुरुषभर वाढतं, पानं गुळगुळीत. सड्यावरचं मात्र गुडघ्याएवढं, आणि पानामागं पांढरी लव. "चारी बाजूंनी दरी, मधी ह्यो सडा. बेटच की! बेटावर एकटं राहून झाड येगळं हुतंय. ह्यो नवा वाण हाय, पदवीधरबाई!" आणि त्या वाणाला अक्काचं नाव द्यायचं ठरलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. संसारात दाजी तिच्याजवळ धड कधी बसले नाहीत, त्याची ही भरपाई असावी. तिनं कसबा बावड्यातल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं.

पण दाजी बिनपुराव्याचं बोलत नाहीत. दोन्हीकडचं बी आणून गच्चीवर दोन कुंड्यांत लावलं. माती तीच, पाणी तेवढंच, खत बंद. सड्यावरचं इथंही खुजं आणि लवदार राहिलं तर नवा वाण. नाहीतर ती नुसती वाऱ्याची आणि कातळाची करामत. सहा महिने माणूस तळमळत होता. दिवसातून दहादा जिना चढायचा, उतरायचा, झोपेत पानं मोजायचा.

अन् एक दिवस सड्यावरचं झुडूप दुसऱ्याच्या खांद्याला लागलेलं दिसलं. पानं गुळगुळीत.

"तू काय घातलंस ह्याला?" दाजी गच्चीवरून ओरडले.

"शेणखत. अन् रोज तांदळाचं धुवण," अक्का खालूनच म्हणाली. "माझ्या नावाचं झाड हाय. त्ये खुजं राहिलं तर बायका काय म्हनतील?"

मी गच्चीवर त्यांच्या शेजारीच होते. म्हटलं, "दाजी, एकालाच खत मिळालं, म्हणजे प्रयोग बाद. परत लावा."

दाजी पहिल्यांदाच खाली बसले, टाकीला टेकून. "उंची खतानं वाढली म्हनू. पन लव? लव रक्तात असती, तर शेणानं गेली असती व्हय?" वनस्पतींच्या जाणकारांना पाठवायला लिहिलेले कागद त्यांनी फाडले. अक्का जिन्यात पदर तोंडाला लावून उभी होती. तिला कोणी काही बोललं नाही, तेच तिला जास्त लागलं.

परवा मी गेले तेव्हा झुडूप पिवळ्या फुलांनी भरलं होतं. शेजारच्या काकू गच्चीवर वाळवणं घालायला आलेल्या. "वैनी, तुमच्या नावाचं झाड त्ये ह्येच काय वो?"

अक्का वाळवणाचं फडकं उगाच सरळ करू लागली.

"व्हय, ह्येच," दाजी म्हणाले. मुलांच्या पेपरात अर्ध्या मार्काची सूट कधी न दिलेला माणूस. "निरखून बघा, येगळंच हाय त्ये."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. घरात वनस्पतीशास्त्र शिकलेली मी एकटीच. मी म्हटलं, "अगदी वेगळं आहे."