'क'ची रांग

जून उजाडला की आमच्या शाळेत पुस्तकांच्या आधी किस्से येतात, आणि पुस्तकं फाटली तरी ते टिकतात. मी तिसरी 'क'ची बाई. अकरा वर्षं!

पूर्वी तुकड्या मोठ्या बाईंच्या वहीत ठरायच्या. वजनदार घरातून फोन आला की पोर 'अ'मध्ये. ज्याच्यासाठी कुणीच फोन करत नाही, ते माझ्याकडे. मला राग यायचा, खरंच सांगते. यंदा मोठ्या बाईंनी सॉफ्टवेअर आणलं. प्रत्येक मुलाचं वाचन, गणित, दंगा असं सगळं भरायचं, मग ते तीन सारख्या तुकड्या पाडणार. शाळेचे अध्यक्ष अण्णा म्हणाले, "बघा करून. पण एक जरी नाव मागाहून हलवलंत, तर पुढच्या वर्षी परत वही!"

झालं! माझा जीव त्या एका नावात अडकला.

*

सावंतबाईंनी आपल्या दुसरीच्या सगळ्या मुलांना दंग्यात शून्य दिलं. "लेकरांवर कसला शिक्का मारायचा?" यंदा त्याच तिसरी 'ब'ला आल्या. यादी लागली, तर शाळेतली पाच नामांकित कार्टी त्यांच्याच वर्गात!

"मेल्यानं माझीच मला धाडलीन!"

मी म्हटलं, "कागदोपत्री शांत आहेत हो!"

*

मिरकरवाड्याची झोया दोन वर्षं वर्गात बोललीच नाही. शेजारी आमिना असली तर जरा कुजबुजायची. सॉफ्टवेअरमध्ये 'एकत्र ठेवा' असा रकाना आहे, तिथे दोघींची नावं घातली. दोघी माझ्याकडे आल्या. शाळा सुरू झाल्यावर महिनाभरात झोयाची आई हजर.

"बाई, आता हिला गप करायचं बटन आहे काय त्यात?"

*

नावं हलू नयेत म्हणून मोठ्या बाईंचा नियम एकच. तुकडी बदलून हवी? मग ज्याचं मूल त्या बदल्यात हलणार, त्याच्या आईला तुम्हीच फोन करा!

एक आई तावातावानं आल्या. "आमच्या सोहमला 'अ'च पाहिजे!" सॉफ्टवेअरनं बदलीला नाव सुचवलं, ते नेमकं त्यांच्या जावेच्या मुलाचं.

"नको नको! गणपतीत पाच दिवस एका घरात काढायचेत मला!"

*

आणि अण्णांचा सख्खा नातू आला माझ्या 'क'मध्ये! यादी लागली त्या दिवशी मी ते नाव तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसात. मोठ्या बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि शेजारी फोन ठेवला. "नियम तोच, अण्णा."

अण्णांनी चष्मा लावून नातवापुढचा आकडा वाचला. "दंगा, पाचपैकी पाच." मग चष्मा काढला. "घरी सहा आहे," म्हणाले, आणि फोनला हात न लावता निघून गेले. आता यातून काय समजायचं?

शाळेचा पहिला दिवस. मैदान पालकांनी भरलेलं, 'अ'च्या रांगेपाशी नेहमीसारखी गर्दी. अण्णा नातवाचं मनगट धरून फाटकातून आत आले. सगळे बाजूला झाले, 'अ'कडे वाट मोकळी करून दिली.

अण्णा मध्येच थांबले आणि सभेतल्या आवाजात म्हणाले, "'क'ची रांग कुठली हो?"