औषधांच्या कपाटाची काच

कानाच्या तपासणीत मी तपासणाऱ्या बाईंना फसवलं आणि त्यात फसलो मी. पहिल्या गोष्टीची जबाबदारी मी घेतो. दुसरीची अजून कोणी घेतलेली नाही.

अर्जुनी मोरगावात माझी छोटी राईस मिल आहे. त्याआधी दुसऱ्याच्या मिलमध्ये मी पोती वाहिली, मग मशीन चालवली. इतकी वर्षं मशीनशेजारी उभं राहिलं की कान जातात, हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर तेव्हा मशीन चालू असेल.

बहिरेपण मी कोणाला दाखवलं नाही. धानाचा भाव करताना माणसाचे हातपाय पाहिले तरी पुरतं. सौदा सोडून उठायचं नाटक करणारा पाय वेगळा आणि खरंच उठणारा पाय वेगळा. शब्द ऐकायची फारशी गरज पडत नाही.

घरी पडते. मुलीला दिवस गेल्याचं बायकोने मला तीनदा सांगितलं, दरवेळी आवाज चढवत. मला कळेपर्यंत गल्लीतल्या दोन बाया तोंड गोड करून गेल्या होत्या.

"माहा गळा बसला जी," ती माझ्या उजव्या कानाशी येऊन ओरडली. "भिताडाले सांगतलं असतं त भिताड हासलं असतं."

त्याच आठवड्यात नागपूरची मंडळी सरकारी दवाखान्यात आली. मोठ्या माणसांच्या बहिरेपणावर त्यांचं संशोधन चालू होतं. लोक कानाची मशीन घेतात आणि चार दिवसांनी डब्यात ठेवून देतात. कोणी दर महिन्याला घरी येऊन ती नीट बसवून दिली, सवय लावली, तर लोक ती वापरतात का, हे त्यांना पाहायचं होतं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनाच घेणार होते. बायकोने माझं आणि तिच्या भावाचं, दोघांचं नाव दिलं.

दवाखान्याच्या एका खोलीत मला खुर्चीवर बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करायचं, हे बाईंनी हातवारे करून सांगितलं आणि त्या माझ्या मागे जाऊन बसल्या. दाराला नुसता पडदा होता. बाहेर बाकावर दरवर्षी माझ्याशी सौदा करणारे दोन शेतकरी बसले होते. माझे कान गेले हे त्यांना कळलं, तर पुढच्या हंगामात ते माझ्यासमोर आपसांत भाव ठरवतील आणि मी मान हलवत राहीन. मी घाबरलो असं नाही. सावध झालो.

समोर औषधांचं कपाट होतं, काचेच्या दारांचं. काचेत बाईंचा हात स्वच्छ दिसत होता. बटण दाबलं की त्या मान वर करून माझ्याकडे पाहायच्या. मी बोट वर करायचो. दरवेळी केलं तर संशय येतो, म्हणून चार-पाच आवाज सोडून दिले. पहिल्याच भावाला हो म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

कागद मिळाला: वयाच्या मानाने ऐकणं चांगलं, अभ्यासात घेता येत नाही. मेव्हण्याला घेतलं.

बायकोने कागद दोनदा वाचला आणि ती माझ्या उजव्या कानाशी आली. "काऊन जी, कोनाले फसवून आले?"

"कायले फसवू? पास झालो."

"बरं झालं. मंग आता मी एकदाच सांगीन. आयकलं त आयकलं."

तिने शब्द पाळला. आता मेव्हण्याकडे दर महिन्याला एक ताई येते, मशीन पुसायला शिकवते, आवाज कमी-जास्त करून देते, लग्नाच्या गोंगाटात कुठे बसायचं तेही सांगते. संध्याकाळी तो आमच्या अंगणात येतो. तो आणि बायको बोलतात, हसतात. हसणं मला दिसतं. कशावर हसले, ते मला एकदाच सांगितलं जातं.

शेवटी नागपूरची मंडळी पुन्हा आली तेव्हा मी दवाखान्यात परत गेलो आणि बाईंना म्हणालो, "तुमची तपासणी चुकली." त्यांनी काहीतरी विचारलं. "मॅडम, मले आयकू येत नाही!" मी म्हणालो. बहिऱ्याला आपला आवाज मोजता येत नाही. पडदा सरकला आणि त्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाने आत डोकं घातलं. त्याच्या कानात मशीन होती. तो अगदी जवळ येऊन म्हणाला, "बोंबलून काऊन राहिले सेठ? मले आता समदं आयकू येते."

कानाच्या तपासणीच्या बाकावर ते दोघं कशासाठी बसले असतील, हे मला त्या दिवशी सुचलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही एकमेकांचे पाय पाहून सौदे करत होतो.

बाईंनी कागदावर लिहून दिलं: एकदा वगळलेल्याला परत घेता येत नाही, गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात जा, तिथे वेगळी तपासणी करून मशीन देतील. मी म्हणालो, उजवा कान राहू द्या, डावा तेवढा अभ्यासात घ्या. त्या हसल्या. तेही दिसलं.

मशीन मी विकत घेऊ शकतो. दर महिन्याला घरी येणारं माणूस विकत मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय मशीन डब्यात जाते. हे शोधायला तुम्ही नागपूरची मंडळीच आलात. माझा डबा बायकोने आधीच रिकामा करून ठेवला आहे.

मी लबाडी केली, कबूल. पण काट्यावर हलकं पोतं भारी दिसलं तर आमच्या धंद्यात पोत्याला कोणी विचारत नाही, काटेवाल्याला विचारतात. बहिऱ्याची खुर्ची काचेसमोर कोणी ठेवली? तपासणारा हात दिसतो का, हे आधी त्या खुर्चीत बसून कोणी पाहिलं? या संशोधनाचे जे कोणी मोठे साहेब असतील त्यांनी उत्तर द्यावं, आणि लेखी द्यावं. तोंडी दिलं तर मला ऐकू येणार नाही. तुमच्या कागदाप्रमाणे मात्र येईल.