ढोमणेकाकूंची फलश्रुती

ढोमणेकाकू काहीही वाचायच्या ते पोथीच्या चालीत. अक्षरओळखच त्यांना पोथीवरून झाली होती, त्यामुळे वाचायचं म्हणजे हेल काढूनच, अशी त्यांची पक्की समजूत. नागपुरात गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत आम्ही राहायला आलो, त्या दिवशी काकू आमच्या भिंतीवरची देवीच्या लसीची सरकारी सूचना वाचत उभ्या होत्या. ‘लस टोचून घ्यावी’ इथवर त्या आल्या तेव्हा शेजारच्या दोघींनी हात जोडले. मीही जोडले. नवीन जागा, उगाच कशाला!

छापलेल्यात मात्र त्या काडीचाही बदल करत नसत. त्यांच्या एका पोथीत एक ओळ चुकून दोनदा छापली गेली होती. ती त्या दरवर्षी दोनदा वाचायच्या. मी एकदा बोलले तर म्हणाल्या, “चुकून असो का मुद्दाम असो, छापलं हाय ते वाचा लागते. गाळणं नाही आन् पदरचं घालणं तर नाहीच नाही. पाप लागते, पोरी.”

घराला लागूनच काकांचा लाकूड-कोळशाचा टाल होता. अख्ख्या गल्लीच्या शेगड्या त्यांच्या जिवावर पेटायच्या. काका दिवसभर कोळसा तोलायचे आणि रात्रभर खोकायचे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, या धुळीतून बाहेर पडा, नाहीतर छाती कामातून जाईल. “कोळशानं मले पोसलं, तो मले काहून मारंल?” हे काकांचं उत्तर, आणि तेवढं बोलतानाही ते दोनदा थांबून खोकायचे. काकूंनी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. कोपऱ्यावर टॉकीज होती. टाल मोडा आणि तिथं सायकल स्टँड काढा, बसल्या जागेचा धंदा, असं त्यांचं एकच म्हणणं. “टालवाल्या ढोमण्यानं लोकायच्या सायकली राखाव्या? मंग तर झालंच!” काका म्हणायचे.

मी शाळेत शास्त्र शिकवत असे. श्रावण तोंडावर आला तशा काकू माझ्याकडे आल्या. “साऱ्या पोथ्या वाचून झाल्या. बाया पेंगून राहिल्या. तू मास्तरीण, एखांदी नवी सांग नं.” वह्या तपासून माझं डोकं उठलं होतं. शाळेच्या लायब्ररीतून आणलेलं पुस्तक मी त्यांच्या हातात ठेवलं. हवा, पाणी, जंगलं आणि या पृथ्वीचं पुढे काय होणार, यावर कुणा प्राध्यापकानं लिहिलेलं. “हे वाचा,” म्हटलं, “हे सगळ्यांनीच वाचायला पाहिजे.” वाटलं, दोन पानांत परत येईल. दुसऱ्या दिवशी बघते तर पुस्तक चौरंगावर, लाल फडक्यात, वर हळदकुंकू. लायब्ररीचा शिक्का कुंकवाखाली गेला तो गेलाच.

रोज दुपारी एक प्रकरण. काकू संथ लयीत कर्बवायू वाचायच्या आणि बाया माना डोलवायच्या. एवढी भयंकर माहिती इतक्या शांतपणे ऐकलेली मी शास्त्राच्या तासालाही पाहिली नाही. ध्रुवावरचा बर्फ वितळला तेव्हा मात्र समोरच्या वच्छलाबाईंनी हात वर केला.

“काकू, मंग तो समुद्र नागपूरवरी येते काय वं?”

“येईन तं येऊ दे,” मागून कुणीतरी म्हणालं, “नळाले तं पाणी नाही.”

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं, तशा सगळ्या गप्प झाल्या. शेवटी शिऱ्याचा प्रसाद. प्रसाद घेतला तो श्रोता, त्यानं ग्रंथाचं ऐकलंच पाहिजे, हा काकूंचा नेम. काका टालावर बसून न ऐकल्यासारखं करायचे आणि शिऱ्याला बरोब्बर दारात हजर व्हायचे. जंगलतोडीच्या प्रकरणाला त्यांच्या वजनकाट्याचा आवाज बंद पडला. कोळशाच्या प्रकरणाला त्यांनी गिऱ्हाइकाला “जरा थांब गा” म्हटलेलं मी स्वतः ऐकलं.

शेवटच्या दिवशी घोटाळा झाला. ‘माणूस वेळीच शहाणा होईल काय?’ असा प्रश्न विचारून प्राध्यापक मोकळे झाले होते. पुढे कोरं पान. काकू थांबल्या. बाया उठेनात.

“फलश्रुती?” वच्छलाबाई म्हणाल्या.

पोथी ऐकून कुणाला काय फळ मिळतं ते शेवटी सांगितल्याशिवाय पोथी मिटायची नसते. मी सांगणार होते की असल्या पुस्तकांत ती नसते. पण काका वाचन संपलं समजून आधीच शिरा घेऊन दारात उभे होते, आणि काकू त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी नजर त्या कोऱ्या पानावर आणली आणि चाल जराही न मोडता म्हणाल्या,

“जो हा ग्रंथ ऐके सादर। प्रसाद भक्षी उदरभर। तयाने दिवाळीआत सत्वर। टाल मोडावा॥ सायकल स्टँड काढिता तेथ। खोकला जाय निमिषात। धरणीमाय श्वास घेत। सुखे नांदे॥”

बायांनी हात जोडले. काकांचा घास हातातच राहिला.

“हे त्याच्यात लिवलं हाय?”

“मास्तरीणबाईले विचारा,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र कापत होता. तो तसा मी पहिल्यांदाच ऐकला.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. “एकूण सार तेच आहे,” मी म्हटलं.

काकांनी शिरा संपवला, हात धुतले आणि टालावर जाऊन बसले. दिवाळीआधी शेवटची ढलपी विकली गेली आणि तिथं सायकल स्टँडचे बांबू उभे राहिले. खोकला निमिषात वगैरे गेला नाही, पण उतरला. काकू मग कोळशासाठी पिशवी घेऊन पाचपावलीपर्यंत चालत जायच्या. “पृथ्वीसाठी एवढं तं करा लागते,” असं मला ऐकवायच्या, जसं काही पृथ्वी माझ्याच माहेरची होती.

पुढे गल्लीत गॅस आला, आणि मग एका उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या तापानं, काकूच गेल्या. मला फार लागलं ते. तेराव्यानंतर काका ते पुस्तक घेऊन आमच्याकडे आले. फडकं तेच होतं.

“तुमच्या शाळेचं हाय. द्यायचं राहून गेलं.”

मी ते घेतलं. म्हटलं, “काका, त्या फलश्रुतीचं...”

“मले वाचता येते, बाई,” काका म्हणाले. “त्याच रातच्याले पाहून घेतलं मी. शेवटचं पान कोरं हाय.”

“मग टाल काहून मोडला?” माझ्या तोंडूनही काहूनच निघालं.

काकांनी बसल्या बसल्या पुस्तकावरचं ते लाल फडकं सारखं केलं.

“जल्मभर पोथ्या वाचल्या तिनं. देवासाठी कधी एक अक्षर पदरचं घातलं नाही. माझ्यासाठी घातलं.”

कोपऱ्यावर शो सुटल्याचा गलका झाला. लोक सायकलीसाठी थांबले असतील, म्हणत काका उठले.