केसांना आधी पाणी पाजा

“सर, उद्यापासून वैष्णवी न्हाई येणार.”

वैष्णवीच्या आईनं, सविताताईंनी, लेकीची वेणी उचलून माझ्या टेबलावर ठेवली. वेणीला लेक जोडलेली असल्यामुळं तीही वाकली.

“हात लावून बघा. केस हायत का केरसुणी?”

मी नांदेडला पोहणं शिकवतो. वैष्णवी माझी सगळ्यात पक्की पोहणारी, आणि जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर. भांडताना बाई माझ्याकडं कमी आणि खिडकीतून निळ्या पाण्याकडं जास्त बघत होत्या. मला वाटलं, रागानं बघतात.

पुलात जंतू मारायला क्लोरीन टाकतात. ते केसांतला ओशटपणाही ओढून नेतं, म्हणून केस राठ होतात. यावर उपाय कुणाला विचारला, तर ज्याच्या डोक्यावर कायमचा दुष्काळ आहे त्याला. तरी मी ठोकून दिलं, “त्यात काय! तेल लावून आणा.”

किती, ते सांगितलं नाही. आपल्याकडच्या आईला हे असं मोघम कधी सांगू नये.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी आली ती करडीच्या तेलात निथळत. तिनं सूर मारला आणि टोपी साबणाच्या वडीसारखी सटकली. पाण्यावर रंगीत तवंग पसरला. मॅनेजर धावत आले.

“सर, पूल हाय का भज्याची कढई?”

बॅच रद्द. दुपारभर मी जाळीनं तवंग ओढला आणि फिल्टरला बॅकवॉश दिला, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुतला. संध्याकाळी सविताताईंना नीट सांगितलं.

“आधी शॉवरखाली केस साध्या पाण्यानं चिंब करा. भिजलेला केस पुलाचं पाणी कमी पितो. मग तळहाताला लागेल एवढंच तेल, वर टोपी. बाहेर आलं की लगेच धुवा.”

“म्हंजी ढोराला बाजारात न्यायच्या आधी घरीच पाणी पाजायचं?”

“हाव. तसंच.”

“मग हे कालच सांगाया काय झालतं? वाटीभर तेल गेलं की!”

हळूहळू वेणी मऊ झाली. वैष्णवी टिकली. आई रोज स्वतः तिचं डोकं भिजवायची आणि काठावर बसायची. पुढं पुढं आईचेही केस ओले दिसायला लागले.

“तुमचे कसे भिजले?”

“पोरीचे भिजवताना उडतंय पाणी.”

त्यांची कमरेपर्यंतची वेणी पार शेंड्यापर्यंत भिजायची. भलतंच उडत होतं.

एकदा त्या आपणहून बोलल्या. “हदगावाकडं आमची इहीर होती, सर. कठड्यावरून उडी हाणायची मी. पोरं बी भ्यायची. लग्न झालं अन् सुटलं.”

“दुपारी लेडीज बॅच असते.”

“ह्या वयात? गावात कळलं तर लोक हसून मरतील.” असं म्हणत त्यांनी पाय घोट्यापर्यंत पाण्यात सोडले.

मी मोठ्या मापाची टोपी आणून खुंटीला अडकवली. येता-जाता त्या तिच्याकडं बघतात. अजून घेतलेली नाही. केस मात्र रोज ओले.

आधी साधं पाणी पाजलं की केसांची तहान भागते, हे मी आता प्रत्येक बॅचला सांगतो. माणसांचं तसं होत नाही, हे सांगत नाही.