हालूनको सिस्टर

आमच्या गावात तिशीच्या पुढचा असा एकही माणूस सापडणार नाही, ज्याला सिस्टरने "हालू नको!" म्हणून दरडावलं नसेल. सरपंच असो की पानमळ्यातला गडी, सगळ्यांच्या दंडावर तिची गोल खूण आहे. माझ्याही आहे. तिच्या एका हातात सुई, दुसऱ्या हातात आमचा दंड आणि वरून तो आवाज, "हालू नको!" आम्ही श्वास रोखून उभे. काही कळायच्या आत सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. मग ती कापूस दाबून धरायची आणि दंडावर दोन थापट्या मारून म्हणायची, "झालं बे. आता हाल, किती हालाचं ते." हे दुसरं वाक्य ऐकल्यावरच आम्ही भोकाड पसरायचो. त्याआधी रडायची कोणाची छाती होती!

सरकारी कागदावर तिचं नाव काय होतं ते असो, गावाने तिला हालूनको सिस्टर करून टाकलं. ती मूळची अकोल्याची. नोकरीच्या सुरुवातीला अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या गावी, आरोग्य उपकेंद्रावर आली आणि रिटायर झाल्यावरही गेली नाही. उपकेंद्रासमोरच एक खोली घेऊन राहिली. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "टाईम कोठी होता बाप्पा? तुमच्याच घरची बाळंतपणं सरत नव्हती."

पाखरांचा नाद तिला लसीच्या पेटीमुळे लागला. तलावापलीकडच्या वस्तीवर डोस द्यायला पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पायी जावं लागे. थंडीत तलाव पाखरांनी भरलेला असायचा. ही बाई खांद्यावर पेटी घेऊन उभी राहायची आणि मोजत बसायची. नुसतं मोजून तिचं समाधान कुठलं व्हायला! तिने लसीकरणाचं एक कोरं रजिस्टर पाखरांना दिलं. रकाने तेच ठेवले. "पहिला डोस" म्हणजे पाखरू त्या हिवाळ्यात पहिल्यांदा दिसलं ती तारीख आणि "बूस्टर" म्हणजे पुन्हा दिसलं ती. वयाच्या रकान्यात "लहान", "मोठं" आणि क्वचित "म्हातारं वाटते" असं लिहिलेलं असे. पाखरू म्हातारं कशावरून वाटतं, हे विचारायची सोय नव्हती.

मी अमरावतीला हायस्कुलात भूगोल शिकवायचो. आम्ही पाच-सहा रिकामटेकडे दर हिवाळ्यात आसपासच्या तलावांवरची पाखरं मोजायचो आणि माझं अक्षर बरं म्हणून सगळ्यांच्या नोंदी उतरवून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. आमच्या गावच्या तलावाचा आकडा सिस्टरच्या रजिस्टरातून यायचा आणि तो कधी चुकला नाही. पुढे मात्र तिचे हात कापायला लागले. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही. चहाची बशी तिच्या हातात वाजायची. "आयुष्यभर लोकायले हालू नको म्हटलं," ती स्वतःच हसायची, "आता मायेच हात ऐकून नाही राहिले."

असंच चाललं असतं, पण एका डिसेंबरात तलावावर पट्टकादंब उतरले. हे हिमालय ओलांडून येणारे मोठे हंस, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. त्यातल्या एकाच्या मानेत हिरवं कडं होतं आणि त्यावर अक्षरं. दूर परदेशात कोणीतरी ओळखीसाठी घातलेलं. सिस्टरने आपल्या जुन्या दुर्बिणीतून अक्षरं वाचली आणि रजिस्टरात लिहिली, "पी १७". रविवारी मी गेलो, ती नोंद पाहिली, तिच्या हातातली वाजणारी बशी पाहिली आणि शहाणपणा करून लाल पेनने आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मास्तरच मी. लाल पेन खिशात असला की हात शिवशिवतो.

तिने चष्मा वर करून ते प्रश्नचिन्ह पाहिलं. "पस्तीस वर्षांत माया रजिस्टरात कोणी हे टाकलं नाही," ती म्हणाली. "जिल्ह्याचे सायेब तपासून गेले, त्यायनं नाही टाकलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईने ते खोडायला गेलो तर तिने रजिस्टर ओढून घेतलं. "खोडू नको. मी वाचून दाखवीन, मंग त्याच्या खाली लिहजो."

नुसत्या मानाचा प्रश्न असता तर ती एवढी हट्टाला पेटली नसती. ती वर्षं आमच्या भागाला फार वाईट गेली. पेपरात आपल्या तालुक्यातल्या एखाद्या गावाचं नाव दिसलं की ते कशासाठी आलं असेल हे वाचावंच लागत नसे. जीव दिलेल्या त्या शेतकऱ्यांतल्या कित्येकांच्या दंडावर सिस्टरची खूण होती. तिने पेपर बंदच करून टाकला होता. आणि आता या पाखराचा आकडा बरोबर वाचता आला, तर परदेशातून उत्तर येणार होतं, आमच्या गावाचं नाव तिकडच्या कागदावर चढणार होतं. "मास्तर," ती त्या दिवशी निघताना म्हणाली, "एकडाव तरी आपल्या गावाचं नाव पेपरात पाखरासाठी येऊ दे न." मी मान खाली घालून बस पकडली.

पट्टकादंब होळीच्या आत परत जातात. म्हणजे हातात दोन-अडीच महिने. आधी मी एक तिपाई नेली, दुर्बीण तिच्यावर बसवायला. पण पाखरं हरभऱ्याच्या वावरात चरत चालत राहायची. तिपाईचे तीन पाय जमिनीवर नीट टेकेपर्यंत थवा पुढच्या वावराच्या धुऱ्यावर, पार बांधापाशी. वर सिस्टरचा हात लागला की तिपाईसुद्धा थरथरायची. "हे पाय मास्तर, लांबचं पाखरू अन् जवळची मशीन, दोन्ही सांभाळाले दोन सिस्टर लागतीन," असं म्हणून तिने तिपाई मला परत दिली. मी वाचून दिलं असतं की, पण दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा ते कडंवालं पाखरू दिसलंच नाही. आणि दिसलं असतं तरी सिस्टरने मला वाचू दिलं नसतं.

मग कुठेतरी मी वाचलं की एक अशी दुर्बीण निघाली आहे, जिच्यात बटण दाबलं की हात कापला तरी आतलं चित्र स्थिर राहतं. अमरावतीला आमचे एक सलीमभाई होते, चष्म्यांचं दुकान, भला माणूस. त्यांच्या आईला सिस्टरनेच कधीकाळी टाके घातले होते. त्यांनी मुंबईहून अशा दोन दुर्बिणी मागवल्या, "पसंत पडे वो रखो, दुसरी वापस" या बोलीवर. सिस्टर इस्त्रीचं लुगडं नेसून, आधी बस आणि मग रिक्षा करून आली.

"सिस्टरजी, ये बडीवाली देखो. चौदापट दिखती है," सलीमभाई म्हणाले.

तिने ती आडव्या हातावर घेतली, तान्हं बाळ घेतात तशी, आणि दोनदा वरखाली केली. "सव्वा किलो. कमी वजनाचं पोरगं असते न, तेवढं. हे मी पाळीवर कितीक वेळ घेऊन फिरू?" मग डोळ्याला लावली, समोर बघितलं आणि लगेच खाली ठेवली. "चौदापट दिसते, तं हालतेही चौदापटच न भाऊ. अन् एवढ्याशा गोलात पाखरू शोधता शोधताच थे उडून जाईन. हिले सेल कोणता लागते?"

सलीमभाईंनी खास सेलचं नाव सांगितलं. "अंजनगावात भेटते?" नाही भेटत, हे सलीमभाईंना कबूल करावं लागलं. "मंग थे अमरावतीतच राहू द्या."

दुसरी दहापट होती, निम्म्या वजनाची, साध्या पेन्सिल सेलवर चालणारी. अडचण एकच. तिचं बटण एकदा दाबून भागत नव्हतं, पाहीपर्यंत बोटाने दाबून धरावं लागायचं. सलीमभाई संकोचले. कापणाऱ्या हाताच्या बाईला हे कसं सांगायचं? पण सिस्टरचा चेहरा खुलला. "दाबून धराचं काय सांगता मले? इंजेक्शनच्या जागी कापूस कोण दाबून धरत होतं इतके वर्षं?"

दुकानासमोर रस्त्यापलीकडे दाताच्या डॉक्टरची पाटी होती. सिस्टर पायरीवर उभी राहिली आणि दुर्बीण डोळ्याला लावली. दोन्ही हात कापत होते, दुर्बीण कापत होती. "अक्षरं उड्या मारून राहिली," ती म्हणाली. आणि मग, अगदी सवयीने, लहान पोराला दटावावं तशी पुटपुटली, "हालू नको." आणि बटण दाबलं.

तिने पाटीवर नजर रोखली. मग मोठ्याने वाचायला लागली, "वेळ सकाळी दहा ते एक. रविवारी बंद. कृपया चपला बाहेर काढाव्या." तिने दुर्बीण खाली केली तेव्हा तिचे डोळे लहान पोरीसारखे चमकत होते. "माय व! जागच्या जागी बसली नं बाप्पा! जिंदगीत पह्यल्यांदा कोणीतरी मायं एका बोलात ऐकलं." सलीमभाई आणि मी इतके हसलो की चष्मा बसवायला आलेलं गिऱ्हाईक दचकलं. उडत्या पाखरामागे फिरवली की चित्र जरा मागून येतं आणि पावसात ही चालत नाही, हेही सलीमभाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. "पावसात माये हंस तरी कोठी असतात?" ती म्हणाली, आणि दुर्बीण पिशवीत घालता घालता त्यांच्या कानाशी लागली, "किंमत मास्तरले सांगू नका. थो इथंच पडन."

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस. हरभरा काढणीला आलेला, थवा निम्म्यावर आलेला. तीन सकाळी आम्ही रिकाम्या हाताने परतलो. "गेलं असन थे," मी म्हणालो, तर सिस्टर माझ्याकडे बघेचना. चौथ्या सकाळी ती पाळीवरच्या दगडावर बसली, कोपरं गुडघ्यांवर टेकवली, आणि बराच वेळ थवा न्याहाळून झाल्यावर तिचा श्वास थांबला. मला तो थांबल्याचं ऐकू आलं. "हालू नको," ती हळूच म्हणाली आणि बटण दाबलं.

"पी," ती म्हणाली. मी रजिस्टर उघडून बसलो. मग तिने दुर्बीण आणखी घट्ट डोळ्यांशी धरली. मला वाटलं, नाही जमलं. त्या क्षणी मला मनापासून वाटलं की तिने सतरा म्हणावं, काहीही दिसो, सतरा म्हणावं.

"सात अन् एक," ती म्हणाली. "एक्काहत्तर हाय बे. मी उलटं वाचलं होतं." तिने दुर्बीण माझ्या हातात दिली. "पाय तू. दोघायनं पाह्यलेलं बरं." मी पाहिलं. ऊन पडलं होतं, हिरव्या कड्यावर पांढरं, लख्ख, पी ७१. मी काही बोलायच्या आत तिने माझ्या खिशातला तोच लाल पेन काढला आणि बूस्टरच्या रकान्यात आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, "पी ७१. पहिला चुकला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुयं प्रश्नचिन्ह बरोबर होतं मास्तर. राहू दे त्याले." वाटलं होतं ती खट्टू होईल. ती घरापर्यंत गुणगुणत आली.

आम्ही आकडा पाठवला आणि एप्रिलमध्ये उत्तर आलं. मंगोलियातल्या एका सरोवरावर दोन उन्हाळ्यांपूर्वी त्या पाखराला कडं घातलं होतं. मादी. मी सिस्टरला सगळं वाचून दाखवलं, सरोवराचं नाव, अंतर, खाली आमच्या गावाचं नाव इंग्रजीत. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कडं घालताना थे हालली काय, लिहलं काय तसं?" मी म्हटलं, नाही लिहिलं. "हालली असन," ती म्हणाली. "कोणीतरी धरलं असन तिले."

पेपरातही आलं. आतल्या पानावर, चार बोटांची बातमी. गावाचं नाव अगदी बरोबर, काना-मात्रा जागच्या जागी. आणि आकडा छापला होता पी १७! मी चिडून वार्ताहराला फोन लावायला निघालो. सिस्टर मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिने ते कात्रण रजिस्टरात चिकटवलं, माझ्याकडून लाल पेन मागून घेतला आणि सतराच्या पुढे स्वतः एक ठळक प्रश्नचिन्ह काढलं. दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा पेपर लावला.

पुढे पाच-सहा हिवाळे ती दुर्बीण पाळीवर येत राहिली. मग सिस्टर खचली आणि तिची भाची तिला अकोल्याला घेऊन गेली. मी शेवटचा भेटलो तो तिथेच. खिडकीशी खाट होती, उशाशी रजिस्टर आणि पिशवीत घातलेली दुर्बीण. तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "घेऊन जाजो. आता मले लागत नाही." मी काहीतरी बोलायला गेलो, तर खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, "बोलू नको. त्या तारेवर काय बसलं हाय थे सांग आधी."

मी दुर्बीण डोळ्याला लावली. तार हलत होती, तारेवरचं पाखरू हलत होतं, मागचा कडुनिंब हलत होता.

"दिसलं?"

"हालून राहिलं, सिस्टर."

"बटन दाबलं काय?"

"दाबलं."

"सेल तं नवे हायेत. कालच टाकले." ती माझ्याकडे वळली. "मंग कावून हालून राहिलं बे?"

मी डोळे मिचकावले, तरी सगळं पाण्यातून दिसल्यासारखंच. मी दुर्बीण डोळ्यावरून काढली नाही, बटणही सोडलं नाही. मग तिचा कापरा हात माझ्या दंडावर आला, बरोबर त्या गोल खुणेवर, आणि तिने दोन थापट्या मारल्या.

"झालं बे," सिस्टर म्हणाली. "आता हाल."