पेला पडला की पळायचं
जुळे सोलापुरातल्या सरोजिनीबाई तशा खमक्या. त्या नुसत्या खाकरल्या तरी शाळेतला वर्ग गप्प व्हायचा. पण जमीन हलली की संपलं! किल्लारीच्या भूकंपात सोलापूरही हादरलं, तेव्हा तान्ह्या चेतनाला उचलून त्या अंगणात पळाल्या होत्या. तेव्हापासून उशाशी उपड्या तांब्यावर पेला ठेवूनच त्या झोपत. हादरा बसला की पेला पडणार, पेला पडला की बाहेर पळायचं.

आता तीच चेतना जपानात, ओसाकात नोकरीला, सातव्या महिन्यात, नवव्या मजल्यावर. बाळंतपणासाठी गेलेल्या बाईंनी तिथंही पेला मांडला. चेतनानं तो तसाच राहू दिला. पण बाळ आईवर सोपवून कामावर जायचं का, हे तिचं ठरत नव्हतं, आणि बाईंना ते कळत होतं. म्हणून ती "चल, जुना मनोरा बघू" म्हणाली तेव्हा त्यांनी भीती न दाखवता हो म्हटलं.

मनोरा कसला, आजोबांच्या काळातला लोखंडी सांगाडा. लिफ्टमध्येच बाईंनी डोळे मिटले. वर जुन्या जमान्यातली चित्रं, पत्र्याची खेळणी आणि पाय पसरून हसणारा एक देव. नशीब उघडावं म्हणून लोक त्याचे तळवे चोळत होते. बाईंनी खिडकीकडं पाठ करून त्याला हात जोडले.

तेवढ्यात फरशी सरकली. खेळणी खडखडली. बाईंनी चेतनाचं मनगट पकडलं आणि जिन्याकडं धूम ठोकली. "आई, थांब, पोट..." कुणाला ऐकू येतंय? पहिल्याच पायरीवर चेतनाचा पाय घसरला. कठडा हाती लागला म्हणून निभावलं. मागं पाहिलं तर बाकीची माणसं डोकं झाकून जिथल्या तिथं बसलेली.

हादरा थांबला. चेतनाच्या मनगटावर बाईंची बोटं उमटली होती. बाईंनी ते वळ पाहिले. आपण वाचवायला निघालो आणि लेकीला जिन्यावरून लोटतच होतो की.

"आता तू माझ्याकडं बाळ कशाला देशील," त्या कशाबशा म्हणाल्या.

चेतना मनगट चोळत भिंतीला टेकली. हादऱ्यापेक्षा बाईंना याचीच जास्त भीती वाटली.

तपासणी होईपर्यंत लिफ्ट बंद होती. आणि पुन्हा हललं. बाईंचे पाय जिन्याकडं वळलेच. जीव नुसता पळ, पळ म्हणत होता. पण त्यांनी पाय जबरदस्तीनं आवरले, चेतनाला हळू खाली बसवलं आणि स्वतः तिच्यावर ओणव्या झाल्या. दातावर दात वाजत होते. हलायचं थांबलं तरी त्या उठेनात.

"आई, ऊठ आता," चेतना म्हणाली. "भीती गेली?"

"छे गं. कुठली जातेय."

चेतनानं आईचा हात आपल्या पोटावर ठेवला. "मग ऑफिसात कळवते, बाळंतपणाची सुट्टी संपली की रुजू होते म्हणून."